गुडघ्याखालचा लोड

माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि वेदनेबद्दल मला सगळं ठाऊक होतं. ज्याचं कधी काही फारसं दुखलेलं नसतं, त्याच्याइतक्या अधिकाराने या विषयावर कोणी बोलू शकत नाही. ऑफिसात कोणी डोकं धरून बसलं की मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ जायचो आणि गोळी न घेण्याचे फायदे सांगायचो. मूत्रपिंड, यकृत, मनोबल, या क्रमाने. काही वर्षांनी लोक माझ्यासमोर डोकं धरून बसेनासे झाले. माझ्या सांगण्याचा हा परिणाम, असं मी बायकोला अभिमानाने सांगितलं होतं. ती म्हणाली, "हो, परिणामच तो."

दवाखान्यात दर चार तासांनी एक नर्स येऊन विचारायची, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय. पहिल्यांदा तिने विचारलं तेव्हा पलंगापाशी माझे सासरे उभे होते. म्हणून मी म्हणालो, "दोन." खरं तर गुडघ्यात कोणीतरी पहार घालून फिरवत होतं. पण मी सांगलीचा, शिवाय जावई. सासऱ्यांसमोर नऊ म्हणायचं माझ्या जिवावर आलं. नर्सने 'दोन' लिहून घेतलं आणि ती दोनवाल्याकडे जितकं लक्ष द्यायचं तितकं देऊन निघून गेली. शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ मोकळेपणी 'नऊ' म्हणायचे, गोळी घ्यायचे आणि दुपारी वॉकर धरून व्हरांड्यात दोन फेऱ्या मारायचे. मला त्यांची कीव यायची.

घरी सोडताना एक चकचकीत पत्रक दिलं. औषधांशिवाय दुखणं कसं कमी करावं, असा त्याचा विषय. बर्फाने शेकणं, पाय उंच ठेवणं, सावकाश श्वास घेणं, आवडतं संगीत ऐकणं, कोणाशी तरी बोलत राहणं, आणि दर तासाला थोडं चालून गुडघा वाकवणं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं की हे सगळं गोळ्यांच्या जोडीला करायचं आहे, गोळ्यांऐवजी नाही. मी ते पत्रक दोनदा वाचलं आणि माझं म्हणणं दवाखान्यालाही पटलेलं आहे याचं मला समाधान वाटलं. चौथ्या दिवशी मी गोळ्या बंद केल्या. यादीतले जे उपाय पडल्या पडल्या करता येतात ते सगळे स्वीकारले. राहिला तो शेवटचा. तो मी पुढच्या आठवड्यावर टाकला. घरी येणारी फिजिओथेरपिस्टही नको म्हणून सांगितलं. पाय वाकवायला माणूस कशाला लागतो, व्हिडिओ आहेत की.

मद्रासला वेलचेरीत आमच्या इमारतीच्या फाटकाशी नोव्हेंबरात पाणी साचतं. यंदाही साचलं होतं आणि ताज्या टाक्यांचा पाय घेऊन त्यातून जाणं शक्य नव्हतं. त्यामुळे माझी रवानगी टी. नगरला सासुरवाडीत झाली. तळमजल्यावरचं घर. तिथे सासरे आणि सासूबाई असे दोघंच असतात. नात्याचे नसले तरी लग्नापासून मी त्यांना मामा-मामीच म्हणतो. बायको सकाळी आपल्या बँकेत जायची ती संध्याकाळी यायची.

या घराची मराठी तंजावरची. कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आली आणि आली तशीच राहिली, फक्त तिच्यात तमिळ मुरलं. लग्न झालं तेव्हा मी ती ऐकून हसलो होतो, उघड. मामांनी तेव्हा मला काहीच म्हटलं नाही. ते जॉर्ज टाउनमधल्या एका शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवत होते, आणि पेपर हातात येईपर्यंत पोराला काही बोलायचं नाही ही त्यांची पद्धत.

या घरात जावयाला फार मान. इतका की जावई पाण्याचा पेला स्वतः उचलायला लागला तर घरातल्यांची मान खाली जाते. मी पोचलो तेव्हा हॉलमध्ये गादी घातलेली होती आणि तिच्यावर लोड होता. हा लोड आमच्या लग्नातला. लाल मखमलीचा, कापसाने गच्च भरलेला, एरवी कपाटाच्या वर पांढऱ्या चादरीत बांधून ठेवलेला. लग्नात मी त्याला टेकून बसलो होतो. आता मामींनी माझा पाय अलगद उचलला आणि तो लोड गुडघ्याखाली सारला.

"बरें वाटतें कां, जावईबापू?"

काय सांगू. चार दिवसांत पहिल्यांदा पहार थांबली. गुडघा किंचित वाकलेल्या अवस्थेत असा विसावला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"फार बरं वाटतंय, मामी."

"पावम," मामी म्हणाल्या. तमिळमध्ये हे 'बिचारा'साठी म्हणतात, आणि मला ते त्या वेळी फार आवडलं.

आता कबूल करायला हवं ते करतो. त्या पत्रकात एक चित्र होतं. झोपलेला माणूस, त्याच्या गुडघ्याखाली उशी, आणि वर लाल फुली. शेजारी दुसरं चित्र, उशी घोट्याखाली, बरोबरची खूण. शिवाय दवाखान्यात नर्सने माझ्या गुडघ्याखालची उशी दोन वेळा काढून घेतली होती आणि कारणही सांगितलं होतं. आराम वाटतो, पण गुडघा त्याच कोनात आखडतो आणि मग ना सरळ होत, ना वाकत. मला सगळं माहीत होतं. मी ते पत्रक गादीशेजारच्या स्टुलावर ठेवलं आणि त्याच्यावर कॉफीचा डबरा-टंबलर, म्हणजे पितळी वाटी आणि पेला, ठेवायला लागलो. दोन-तीन दिवसांत फुलीवर कॉफीची गोल वर्तुळं उमटली आणि चित्र दिसेनासं झालं.

पुढचे दहा दिवस मी औषधांशिवाय बरा होत होतो.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने श्वासाचं अॅप पाठवलं. त्यात एक परदेशी बाई अतिशय हळू आवाजात सांगायची की डोळे मिटा आणि शांत समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणा. माझा समुद्रकिनारा मद्रासचा. डोळे मिटले की मिरचीभज्यांचा धूर यायचा, उकडलेल्या हरभऱ्यांचा सुंडलवाला यायचा, घोडा यायचा, रविवारची सगळी गर्दी यायची, आणि मधोमध मी, वॉकरसकट वाळूत रुतलेला. बाई म्हणायची, आता लाटा ऐका. मला भोंगे ऐकू यायचे.

मग भेटायला येणारे. आजारी माणसाला एकटं सोडणं या समाजात पाप आहे, आणि रिकाम्या हाताने किंवा रिकाम्या तोंडाने येणं त्याहून मोठं. एक निवृत्त गृहस्थ लोहचुंबकाचा पट्टा घेऊन आले आणि तो माझ्या गुडघ्यावर बांधून, घड्याळ लावून बसले. दर पाच मिनिटांनी विचारायचे, उतरलं का. चौथ्यांदा मी उतरलं म्हणालो, ते घरी जावेत म्हणून. ते दुसऱ्या दिवशी आणखी तिघांना घेऊन आले. एक बाई काशाची वाटी आणून माझ्या कानाशी वाजवायच्या. नाद हाडांत शिरतो म्हणे. माझ्या हाडांत नवा धातू बसवलेला असल्यामुळे नाद तिथे अडखळत असावा. बर्फाच्या पिशवीला मामींचा विरोध होता. पावसाळ्यात अंगाला बर्फ लावलेला त्यांनी ऐकला नव्हता. त्या बर्फ काढून ठेवायच्या आणि लोड नीट करायच्या. मी हरकत घेत नसे. या सगळ्या मंडळींना मी मनात हसायचो. अडाणी म्हणायचो. आणि हसताना लोडावर पाय आणखी थोडा आत सरकवायचो.

चौदाव्या दिवशी टाके काढायला गेलो. डॉक्टरांनी पाय सरळ करायला सांगितला, झाला नाही. वाकवायला सांगितला, पंचावन्न अंशांवर थांबला. त्यांनी कोनमापक टेबलावर ठेवला आणि शांतपणे सांगितलं की सहा आठवड्यांच्या तपासणीला नव्वद अंश हवेत. नाही झाले तर पुन्हा भूल देऊन, टेबलावर घेऊन, जोर लावून वाकवावा लागेल.

"आत जे चिकटलंय ते फाटतं तेव्हा आवाज येतो," ते म्हणाले. "तुम्हाला ऐकू येणार नाही अर्थात."

बायको माझ्याकडे बघत होती. मी पत्रकातल्या श्वासांपैकी एक घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट घरी आली. पंचविशीची मुलगी, पाठीला सॅक, चेहऱ्यावर हसण्याची एक रेघ नाही. तिने हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि आधी लोडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे कोणी ठेवलं?" तिने तमिळमध्ये विचारलं.

मामी स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आल्या. "मीच," त्या कौतुकाने म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. रात्रीही काढूं देत नाहीं."

मग त्या मुलीने सांगितलं की गुडघा आखडला तो यामुळे. ती उद्धट नव्हती. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या घरात सांगत असेल तसं, एका दमात तिने सांगून टाकलं. मामींनी पदर तोंडाला लावला. मामा चष्मा पुसायला लागले. या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं आणि ते बोलणारा माणूस घरात एकच होता. त्याने छताच्या पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

मामी आत गेल्या. दुपारचं जेवण त्यांनी मोलकरणीच्या हाती पाठवलं. संध्याकाळी बायकोने सांगितलं की आई देवासमोर बसून आहे, म्हणते की परक्याच्या मुलाला माझ्या हाताने लंगडा केला. पुन्हा चिरफाड झाली तर ती माझ्या नावावर.

"तू सांग की तिला, तसं काही नाही म्हणून," मी म्हणालो.

"तसं काही नाही का?" बायकोने विचारलं. ती बँकेत कर्जाच्या अर्जांची छाननी करते. मी डोकं दुखतंय म्हणालो.

फिजिओ मुलीने लोड कपाटावर परत चढवला, गोळ्या पुन्हा सुरू करायला लावल्या आणि माझ्याकडून यादी वदवून घेतली, काय काय उपाय केले त्याची. मी सांगत गेलो. श्वास, लाटा, चुंबक, वाटी. ती ऐकत होती.

"सर," ती म्हणाली, "दुखणं कमी करायचं ते तुम्हाला हलता यावं म्हणून. तुम्ही हलायचंच बंद करून दुखणं कमी केलंत. मग जुना गुडघा काय वाईट होता?"

मी विनोद करायचा प्रयत्न केला. तिने माझी टाच धरून मागे सरकवली आणि विनोद अर्ध्यात राहिला.

तिचा क्रम साधा होता. गोळी, मग अर्ध्या तासाने व्यायाम. टाच मागे सरकवत गुडघा वाकवायचा, जिथे अडतो तिथे थांबून सावकाश श्वास सोडायचा, आणि तो सोडताना आणखी थोडं मागे. मग टॉवेलात गुंडाळून बर्फ, पाय उंच, उशी घोट्याखाली. दिवसातून पाच वेळा. ती एकदाच येणार. बाकीच्या चार वेळा कोण करून घेणार, तिने विचारलं.

"मी," मामा म्हणाले.

हे ऐंशी वर्षांचे गृहस्थ. तीस वर्षं मला 'जावईबापू' आणि 'तुम्ही' म्हणत आलेले. दुपारी तीन वाजता ते लाकडी खुर्ची घेऊन माझ्या पायाशी बसले, मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं, आणि म्हणाले, "टाच सरकव."

मी सरकवली. साठ अंशांच्या आसपास कुठेतरी माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लिहीत नाही.

"पत्रकांत लिहिलें आहे, कोणाशीं तरी बोलत राहावें," मामा म्हणाले. कॉफीच्या डागांतून त्यांनी ते कसं वाचलं कोण जाणे. "मला बोलायला विषय नाहीं. पाढे येतात कां?"

"येतात की."

"औटकी म्हण."

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. मामांना तो त्यांच्या वडिलांनी शिकवला होता, घरी, मराठीत, तंजावरहून येताना जे काही बरोबर आलं त्यातला. मी महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत दहा वर्षं काढली होती आणि त्यांच्या मराठीला हसलो होतो. मी म्हणालो, "एक औट साडेतीन, दोन औटे सात, तीन औटे…"

"श्वास सोड. तीन औटे?"

"साडेदहा."

"सरकव. सात औटे?"

सात औटे किती हे आठवताना माणूस गुडघ्याकडे बघू शकत नाही. मी छताकडे बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "एकवीस… बावीस…"

"साडेचोवीस. सांगलींत शाळा होती कीं गुरांचा कोंडवाडा?"

मला राग आला. आयुष्यात इतका उपयोगी पडणारा राग मला पूर्वी आला नव्हता. "मामा, आमच्याकडे आता हे कोणी पाठ करत नाही, कॅल्क्युलेटर असतात."

"अप्पडीया. असें कां. मग त्यालाच गुडघा बसवायचा होता. सरकव. अकरा औटे?"

टाच मागे गेली. दुखत होतं, खोटं सांगत नाही. पण अकरा औटेही डोक्यात होतं, आणि हा म्हातारा मला कोंडवाड्यातला म्हणाला हेही होतं, आणि डोक्यात एकावेळी किती गोष्टी मावणार. श्वासाच्या बाईने ज्या वेदनेला प्रेमाने निरोप द्यायला सांगितलं होतं, ती मामांच्या तुच्छतेने कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

रोज असंच. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी. एकोणतीसचा पाढा मला अठ्ठावन्नाच्या पुढे येत नव्हता, म्हणजे दोनच पायऱ्या. भेटायला येणारी मंडळी आता दारात थबकायची, आणि गुडघा राहू दे, मला एकोणतीस सक किती हे येत नाही याची चर्चा त्यांच्या घरोघरी व्हायची. चुंबकवाले एकदा मदतीला म्हणून पुटपुटले, "एकशे चौऱ्याहत्तर." मामांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. मध्येच कधी गाणं लावून बघितलं, पण मामा तालाच्या चुका काढत बसले आणि माझी टाच जिथल्या तिथे राहिली.

सत्तर झाले. चौथ्या आठवड्यात अठ्ठ्याहत्तर. मग पाचव्या आठवड्यात काटा तिथेच अडकला. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, पुन्हा अठ्ठ्याहत्तर. फिजिओ मुलीने कोन दोनदा मोजला, आणि तेच वाईट लक्षण. मामी दुरूनच कोनमापकाकडे बघायच्या आणि आत जायच्या. तीन आठवडे त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या, आणि माझ्या ताटात तूप दुप्पट वाढत होत्या. ते तूप मला गिळवत नव्हतं.

त्या दुपारी टाच अडली. मामा म्हणाले, "सात औटे?"

"मामा," मी म्हणालो, "मला माहीत होतं."

"मग सांग."

"ते नाही. लोडाचं. गुडघ्याखाली काही ठेवायचं नाही, हे नर्सने मला सांगितलं होतं. मामींना काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि बरं वाटत होतं म्हणून मी बोललो नाही. त्या दिवशीही नाही."

मामा माझ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षांत त्यांनी किती पोरांना कॉपी करताना पकडलं असेल, त्या सगळ्यांना कसं वाटलं असेल हे मला कळलं.

"तिला तूं सांगायचें," ते म्हणाले. "मी सांगणार नाहीं. आतां सात औटे?"

"साडेचोवीस."

"सरकव."

त्या दिवशी ब्याऐंशी झाले. कबुलीने सांधे मोकळे होतात असला काही सिद्धान्त मी मांडत नाही. असले सिद्धान्त मांडणारे माझ्याकडे वाटी घेऊन आले होते. फिजिओ मुलीने सांगितलं की अडकलेला गुडघा कधीकधी असाच एक दिवस सुटतो. मामींना मात्र मी सांगितलं नाही. उद्या सांगू, म्हणालो. उद्या सात वेळा आला.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला मामा माझ्याबरोबर आले. डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवलं, कोनमापक लावला. मी छताकडे बघत मनात अडीचकी सुरू केली. तेरा अडीचला डॉक्टर म्हणाले, "ब्याण्णव. ठीक आहे. टेबलावर घ्यायची गरज नाही. व्यायाम सोडू नका."

मामा पुढे वाकले. "बाहेरून ब्याण्णव," त्यांनी इंग्रजीत डॉक्टरांना सांगितलं. "आतला कोन अठ्ठ्याऐंशी. लघुकोन झाला. तुमच्या कागदावर नीट लिहा."

डॉक्टरांनी ते लिहिलं की नुसता पेन हलवला, मला दिसलं नाही.

बाहेर आल्यावर समोरच्या हॉटेलात आम्ही डोशाला बसलो. बाक अरुंद, टेबल बुटकं, गुडघा वाकवल्याशिवाय पाय आत जाणं शक्य नव्हतं. गेला. दुखलं, आणि मी खिशातून गोळी काढून पाण्याबरोबर घेतली, कोणाला भाषण न देता. मामांनी फोन माझ्यापुढे सरकवला.

"मामी," मी म्हणालो, "ऑपरेशन लागणार नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "देवाची कृपा," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून झालें तें देवानें निस्तरलें."

"तुमच्या हातून काही झालं नाही, मामी." आणि मी सगळं सांगितलं. फुलीचं चित्र, नर्स, कॉफीची वर्तुळं, पंखा. हॉटेलात गलका होता, त्यामुळे मला मोठ्याने सांगावं लागलं आणि शेजारच्या बाकावरच्या दोघांनी सांबारात बुडवलेले हात तसेच थांबवले. त्यांना मराठी येत नसावी, पण माझा चेहरा पुरेसा होता.

मी थांबलो. मामी म्हणाल्या, "तुम्हांला ठाऊक होतें."

"हो."

"आणि मी चार आठवडे देवासमोर बसलें."

"हो."

"अठ्ठावन्न वर्षें वय आहे ना तुमचें?"

"हो, मामी."

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे तमिळमध्ये 'ठीक आहे'. "घरीं या. बोलतें." आणि फोन ठेवला.

मी मामांकडे बघितलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी वेटरला हात केला आणि आणखी एक डोसा मागवला. घरी जायची घाई त्यांनाही नव्हती.